लेणी आमची, अहवाल कुणाचा?

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातील एका डोंगरात लहानशी बौद्ध लेणी आहेत. एक विहार, एक अर्धवट खोदलेले चैत्यगृह आणि पाण्याच्या दोन पोढी. डोंगराच्या मागच्या अंगाला दगडखाण सुरू झाली आणि सुरुंगांचे आवाज थेट विहारात घुमू लागले. आम्ही गावोगावच्या बुद्धविहारांत बैठका घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि निळे झेंडे घेऊन संबंधित कार्यालयावर धडकलो. सुनावणी लागली. आम्ही काळा कोट चढवून उभे राहिलो. तथागत, सम्राट अशोक, सातवाहन, राज्यघटनेचे कलम ४९ आणि कलम ५१-क यांवर अर्धा तास बोललो. बाहेर घोषणा चालू होत्या. आम्हाला वाटले, लढाई जिंकलीच.

अधिकारी शांतपणे ऐकत होते. नंतर त्यांनी चार प्रश्न विचारले. लेण्यापासून खाणीची हद्द नेमकी किती मीटरवर आहे? भिंतीला गेलेले तडे नवे आहेत की जुने? खाण सुरू होण्याआधीची त्या तड्यांची मोजमापासह नोंद किंवा छायाचित्रे आहेत काय? हे लेणे केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे काय? चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. खाणवाल्याच्या वकिलाने मात्र पिशवीतून एक जाड अहवाल काढला. त्यात नकाशे होते, आकडे होते आणि शेवटी एका तज्ज्ञाची सही होती. त्या सहीखाली पदव्युत्तर पदवीची अक्षरे होती. अहवालाचा निष्कर्ष एका ओळीचा होता. खाणीमुळे लेण्यास कोणताही धोका संभवत नाही.

आम्ही हरलो. हजारो सह्या एका सहीपुढे हरल्या.

समाजबांधवांनो, त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्या अधिकाऱ्याचा राग मनात नव्हता. त्याने कायद्याने विचारायचे तेच विचारले होते. राग होता तो आमच्या स्वतःवर. वीस वर्षे आम्ही चळवळीत आहोत, वकिली करतो, पण आमच्या लेण्याचा तडा मोजायला आम्ही शिकलो नाही. आणि शिकलेला माणूस आमच्या बाजूला शोधूनही सापडला नाही. आजचा हा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे. नोकरी-धंदा करणाऱ्या आपल्या सुशिक्षित माणसांनी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे शास्त्रशुद्ध पदव्युत्तर शिक्षण घेतले पाहिजे आणि ते घेता यावे अशी सोय शासनाने आणि आपल्या संस्थांनी केली पाहिजे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम हा केंद्राचा कायदा १९५८ चा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा. केंद्राच्या यादीत देशभरातील साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित ठरवले. पण हे कवच केवळ यादीतल्या स्मारकाला आहे. जे लेणे, जो स्तूप यादीत नाही, त्याच्यासाठी या कायद्याचा दरवाजा बंद आहे. आणि यादीत नाव जाते ते भावनेने नाही. त्यासाठी स्थळाचे मोजमाप लागते, काळनिश्चिती लागते, शिलालेखाचे वाचन लागते, महत्त्व सांगणारे टिपण लागते. शासन एखादे स्मारक संरक्षित करण्याचा इरादा राजपत्रात जाहीर करते, तेव्हा हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते. त्या मुदतीत कोण काय लिहून देतो यावर पुढच्या शंभर वर्षांचा निकाल ठरतो. आपल्यापैकी किती जण राजपत्र वाचतात?

याच २०१० च्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी वारसा उपविधी तयार करायचे आणि ते करताना इंटॅक या संस्थेचा किंवा अधिसूचित केलेल्या अन्य तज्ज्ञ वारसा संस्थेचा सल्ला घ्यायचा, असे कायद्यातच लिहिले आहे. इंटॅक १९८४ साली स्थापन झाली. त्या संस्थेशी आमचे भांडण नाही. आमचा प्रश्न आपल्या माणसांना आहे. ‘अन्य तज्ज्ञ वारसा संस्था’ या शब्दांत आपलीही एखादी संस्था बसावी असे आपल्याला का वाटले नाही? कायद्याने खुर्ची मांडून ठेवली आहे. बसणारा माणूस मात्र आपण घडवला नाही.

जतन म्हणजे काय, याबद्दल आपल्यात मोठा गैरसमज आहे. आपल्याकडे जतन म्हणजे सुशोभीकरण असे समीकरण झाले आहे. निधी आला की ग्रॅनाइट बसवायचे, कारंजे उभारायचे, रंगीत दिवे लावायचे आणि कोनशिलेवर नावे कोरायची. जतनाचे शास्त्र याच्या उलट आहे. जे आहे ते आधी नोंदवा, समजून घ्या आणि शक्य तितके कमी बदला, हे त्या शास्त्राचे पहिले सूत्र. दगड श्वास घेतो, त्यातून ओल बाहेर पडते. त्यावर सिमेंट थापले तर ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जुन्या बांधकामाला चुनाच का लागतो, याचे हे कारण आहे. आणि आपण काय करतो? श्रद्धेपोटी कोरीव बुद्धमूर्तीला ऑइल पेंट लावतो. चैत्यगृहात शेकडो मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावतो, त्यांची काजळी दोन हजार वर्षांच्या दगडावर बसते. शत्रूने केले असते तर आपण मोर्चा काढला असता. आपल्याच हाताने होते म्हणून गप्प बसतो.

चांगल्या हेतूने काय घडते याचे उदाहरण अजिंठ्यात आहे. १९२० नंतर निजाम सरकारने चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून दोन जाणकार आणले, सेकोनी आणि ऑर्सिनी. त्यांनी निखळणारे रंग पक्के केले, पण चित्रांवर लाखेचे वॉर्निश चढवले. कालांतराने ते वॉर्निश पिवळे-काळे पडले आणि चित्रे झाकोळली. पुढच्या पिढ्यांच्या रसायनतज्ज्ञांना ते थर उतरवण्याचे जिकिरीचे काम करावे लागले. जगातले त्या काळचे जाणकार जिथे चुकले, तिथे आपली विहार समिती केवळ श्रद्धेच्या बळावर चुकणार नाही असे कोणी समजू नये. श्रद्धेला शास्त्राचा आधार हवा. तथागतांनी तरी दुसरे काय सांगितले?

आता कोणी म्हणेल, हे शास्त्र प्रस्थापितांचे आहे, ते शिकून काय होणार? आमचे उत्तर असे की, या शास्त्राने आपल्याला आपला सम्राट परत दिला. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली नसती तर अशोकाचे स्तंभ आजही कोणाच्या तरी गदा आणि काठ्या म्हणून पुजले गेले असते. आणि हा प्रिन्सेप कोण होता? कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा नोकरदार! स्तूपांचा शोध घेत देशभर फिरलेला अलेक्झांडर कनिंगहॅम कोण? लष्करातला इंजिनिअर. १८६१ साली तो सरकारचा पहिला पुरातत्त्व सर्वेक्षक झाला. म्हणजे या देशातील पुरातत्त्वाचा पायाच मुळी दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात अभ्यास करणाऱ्यांनी घातला आहे.

नाशिकच्या लेण्यांचे घ्या. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. आपण त्या नावाविरुद्ध निवेदने देतो. पण सर्वांत भक्कम पुरावा त्या लेण्यांच्या भिंतीवरच आहे. तिथल्या शिलालेखांत त्या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी असे कोरलेले आहे. तो लेख स्वतः वाचून दाखवणारी दहा माणसे गावात असतील तर पांडवांची कथा किती दिवस टिकेल? कान्हेरीत कल्याणच्या सोनाराने दान दिलेल्या पोढीची नोंद आहे. कुड्याच्या लेण्यांत मालाकाराचे म्हणजे माळ्याचे दान आहे. ही लेणी केवळ राजांनी खोदवली नाहीत. ती हातावर पोट असणाऱ्या, धंदा करणाऱ्या, नोकरी करणाऱ्या उपासक-उपासिकांनी आपल्या कमाईतून उभी केली. ज्यांनी उभी केली ते कामकरी होते, तर राखणारेही कामकरीच असले पाहिजेत.

दुसरे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातले. पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष उघडे झाले. आणि हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूप आहे हे आपल्याला कळले ते कोणत्या सभेमुळे नाही. प्रशिक्षित माणसांनी खंदक घेतले, थर मोजले, अहवाल लिहिला म्हणून कळले. पाण्याखाली जाणाऱ्या अशा आणखी किती जागा असतील, ज्यांच्यावर अजून कोणाची कुदळ आणि टेप पडलेली नाही?

आणि वारसा म्हणजे केवळ लेणी नव्हेत. बाबासाहेब ज्या परळच्या बी. आय. टी. चाळीत राहिले ती चाळ, वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळी, जिथे समता सैनिक दलाच्या तुकड्या उभ्या राहिल्या, जिथे जलसे झाले, जिथे पँथर घडले, त्याही आपला वारसा आहेत. १९२० च्या दशकात बांधलेल्या या बी. डी. डी. चाळींचा आता पुनर्विकास होतो आहे. रहिवाशांना चांगले घर मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. शंभर वर्षे दीडशे-पावणेदोनशे फुटांत काढलेल्या माणसाला वारशाच्या नावाखाली तिथेच कोंबून ठेवणे हा अन्याय आहे. पण चाळ पाडण्याआधी तिची मोजणी, खोल्यांची छायाचित्रे, जुन्या रहिवाशांच्या मुलाखती, सभांच्या जागांचा नकाशा, एवढे करून ठेवायला कोणी मनाई केली होती? मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची नियमावली आहे, देशातली ती पहिली. तिच्यात श्रेणी ठरवताना केवळ कमानी आणि घुमट पाहत नाहीत, ऐतिहासिक आणि सामाजिक महत्त्वही मोजतात. ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी १९७९ साली केलेल्या बर्रा सनदेने तर एखाद्या जागेशी समाजाचे जे नाते असते त्यालाच महत्त्वाचे माप मानले. म्हणजे दहा बाय बाराची खोलीही राजवाड्याइतकी महत्त्वाची ठरू शकते. फक्त ते महत्त्व त्या शास्त्राच्या भाषेत मांडता आले पाहिजे.

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. कोण चूक, कोण बरोबर यावर त्या वेळी रकानेच्या रकाने भरले. जुलैत प्रचंड मोर्चा निघाला. आम्हीही त्या मोर्चात चाललो. आज आम्ही स्वतःला विचारतो, त्या मोर्चात चालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याआधी कधी त्या वास्तूच्या भिंतीची जाडी मोजली होती? छापखान्यातल्या यंत्रांची यादी केली होती? इमारत धोकादायक आहे की दुरुस्त होण्यासारखी, हे सांगणारा आपला स्वतंत्र अहवाल तयार ठेवला होता? आम्ही ठेवला नव्हता. वास्तू पडल्यावर जमणारा लाखाचा जमाव आणि वास्तू उभी असताना तिची नोंद करणारा एक माणूस यांत वास्तूला वाचवणारा कोण, याचा विचार करा.

याच्या उलट एक लढाई आपण जिंकलो, तिची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले आणि स्मारक केले. पण तिथल्या कॅम्डन कौन्सिलने संग्रहालय म्हणून वापरायला परवानगी नाकारली. निवासी जागा कमी होते, शेजाऱ्यांना त्रास होतो, असे आक्षेप होते. अपील झाले, २०१९ साली जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. तो निकाल घोषणांवर लागला नाही. त्या घराचे बाबासाहेबांशी असलेले नाते म्हणजे वारसा आहे आणि त्या वारशाचे मोल निवासी जागेच्या तोट्यापेक्षा अधिक आहे, ही गोष्ट नियोजनाच्या कायद्याच्या भाषेत पटवून द्यावी लागली. हीच भाषा आपल्या मुलांना शिकायची आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण अमेरिकेतील ऐतिहासिक वास्तुजतनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्याच कोलंबियात १९६४ साली सुरू झाला, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि त्याच न्यूयॉर्क शहरात या शास्त्राची किल्ली कोणाच्या हाती असावी याचा लढा कृष्णवर्णीयांनी लढला. १९९१ साली ब्रॉडवेवर सरकारी इमारतीचा पाया खणताना गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांची जुनी दफनभूमी सापडली. पुढे चारशेहून अधिक सांगाडे निघाले. कृष्णवर्णीय समाज रस्त्यावर उतरला, पण त्याची मागणी केवळ बांधकाम थांबवा एवढीच नव्हती. आमच्या पूर्वजांचा अभ्यास आमचे शास्त्रज्ञ करतील, अशी ती मागणी होती. आणि त्यांच्याकडे शास्त्रज्ञ होते! कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांच्याकडे ते काम आले. हाडांवरून कष्टांच्या, उपासमारीच्या खुणा वाचल्या गेल्या. २००३ साली ते पूर्वज सन्मानाने पुन्हा मातीत ठेवले गेले आणि २००६ साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. मोर्चा आणि प्रयोगशाळा, दोन्ही हाताशी असल्यावर काय होते ते पाहा. आपल्याकडे मोर्चा आहे. प्रयोगशाळा नाही.

मग अडचण कुठे आहे? आमच्या परिचयाची एक भगिनी बँकेत नोकरी करते. शनिवार-रविवारच्या वर्गांना जाऊन तिने पुरातत्त्वाचे प्रमाणपत्र घेतले, पाली शिकली, ब्राह्मी वाचू लागली. सुट्टीच्या दिवशी लेण्यांवर जाऊन ती मोजमापे घेते. पुढे जतनशास्त्रात पदव्युत्तर पदवी घ्यावी असे तिला वाटले. ज्या संस्थेत ती विचारायला गेली तिथे उत्तर मिळाले, अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, नोकरी सोडा. घरी सासू-सासरे, दोन मुले, घराचे हप्ते. नोकरी कशी सोडणार? ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची शिल्लक आहे ते दोन वर्षे पगाराविना शिकू शकतात. आपली तर पहिलीच पिढी पगाराला लागली आहे. त्यामुळे ‘पूर्णवेळ’ हा साधा दिसणारा शब्द आपल्यासाठी दरवाजावरचा पहारेकरी होतो.

आज परिस्थिती अशी आहे. मुंबई-पुण्यात पुरातत्त्व, मोडी, ब्राह्मी, पाली यांचे अर्धवेळ प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग मिळतात. त्यांचा लाभ घ्या. पण तिथून वर जाणारी शिडी नाही. वास्तुजतनाची पदव्युत्तर पदवी दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग, अहमदाबादच्या सेप्ट यांसारख्या संस्थांत आहे, ती पूर्णवेळ. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची पदविका दोन वर्षे घरापासून दूर राहून करायची आणि जागा अगदी मोजक्या. अमेरिकेत मात्र गाउचर नावाच्या एका छोट्या महाविद्यालयाने नव्वदीच्या दशकातच नोकरदारांसाठी या विषयाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. उन्हाळ्यात काही दिवस महाविद्यालयात यायचे आणि उरलेला अभ्यास आपापल्या गावी नोकरी सांभाळून करायचा. तिथे जे जमते ते इथे का जमू नये?

आणि आपल्याला हे नवीन नाही! बाबासाहेब स्वतः १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात नोकरी करत होते. पगारातून पै-पै साठवून आणि स्नेह्यांची मदत घेऊन ते १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. नोकरदाराच्या शिक्षणाची तळमळ काय असते हे त्यांनी भोगले होते. म्हणूनच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले तेव्हा कचेरीत जाणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आम्ही स्वतः दिवसा कारकुनी करून सकाळच्या वर्गात एलएल. बी. झालो. त्या सकाळच्या तासांनी या समाजाला वकील दिले, अधिकारी दिले. आता त्याच तासांनी पुरातत्त्वज्ञ आणि जतनतज्ज्ञ का देऊ नयेत?

शासनाचा दोषही सांगितला पाहिजे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिच्या मार्गदर्शक सूचनांत एक अट घुसवली गेली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही! नीट वाचा. इतर सर्व विषय शिका, पण तुमच्या स्वतःच्या वारशावर बाहेर जाऊन शिकू नका. ही अट बघून ज्याच्या मनात प्रश्न उठत नाही त्याने बाबासाहेबांचे पुस्तक उघडलेच नाही असे समजावे. शिवाय वयोमर्यादा पस्तिशीच्या आत. म्हणजे पहिली दहा वर्षे भावंडांची शिक्षणे आणि बहिणीची लग्ने उरकून जो चाळिशीत शिकायला मोकळा होतो, तो आपोआप बाहेर. राज्यात सरकारी नोकरांना अध्ययन रजा मिळते, पण अभ्यासाचा संबंध कामाच्या क्षेत्राशी असला पाहिजे. महसूल खात्यातील कारकुनाने वारसा जतन शिकायचे म्हटले तर फाइल कुठे अडेल हे सांगायला नको. वास्तविक जमिनीचा सात-बारा ज्याच्या हातात, त्यालाच हे शिक्षण आधी दिले पाहिजे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मुंबई, पुणे, नागपूर येथील विद्यापीठांनी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने वारसा जतनाची तीन वर्षांची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी सुरू करावी. वर्ग शनिवार-रविवारी आणि प्रत्यक्ष काम दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत. मराठवाडा विद्यापीठाच्या जवळच औरंगाबादची लेणी आहेत. याहून चांगली प्रयोगशाळा कोणती? प्रवेश केवळ आर्किटेक्टला नको. सिव्हिलचा इंजिनिअर, रसायनशास्त्राचा शिक्षक, ग्रंथपाल, वकील, छायाचित्रकार या सर्वांची या कामाला गरज असते. शिकवणे मराठीतून व्हावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला आहे. तो दर्जा सत्काराच्या शालीपुरता न राहता वर्गात उतरावा. बार्टीने अर्धवेळ शिकणाऱ्या नोकरदारांची फी भरावी आणि त्याबदल्यात प्रत्येकाकडून आपल्या जिल्ह्यातील एका असंरक्षित स्थळाचा पूर्ण अहवाल घ्यावा. शिष्यवृत्तीतील वारशाविरुद्धची ती अट कोणत्याही वर्षाच्या सूचनांत पुन्हा दिसता कामा नये.

पण शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या आपल्या शिक्षणसंस्थांनी भांडणांतून डोके वर काढून हा अभ्यासक्रम आधी आपल्याकडे सुरू करावा. कर्मचारी संघटनांनी दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एका सभासदाच्या फीची जबाबदारी घ्यावी. १४ एप्रिलला डीजेवर जो खर्च होतो त्यातली एका रात्रीची रक्कम बाजूला काढली तर एका माणसाचे वर्षाचे शिक्षण निघेल. हे वाचून काही तरुण आमच्यावर रागावतील. रागवा, पण हिशेब करून मग रागवा.

कोणी विचारेल, शिकून पोटाचे काय? उत्तर असे की, ज्याची नोकरी आहे त्याने ती सोडायचीच नाही. तेच तर या मागणीचे सार आहे. त्याने तलाठी राहून, बँकेत राहून, शाळेत शिकवून, न्यायालयात उभे राहून ही विद्या समाजासाठी वापरायची. पोटासाठी शिकलेली विद्या आपण पुष्कळ मिळवली. आता समाजासाठी एक पदवी घेऊ.

त्या खाणीचे पुढे काय झाले, असे आम्हाला लोक विचारतात. खाण चालूच आहे. पण गेल्या पावसाळ्यानंतर ती बँकेतली भगिनी, एक सिव्हिल इंजिनिअर आणि आम्ही असे तिघे त्या लेण्यात गेलो. तिने तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यावर तारीख घातली, टेप लावून छायाचित्रे घेतली. तडा वाढला तर पट्टी तुटेल आणि तो पुरावा होईल, असे तिने आम्हाला समजावून सांगितले. इतकी साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती! आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघे जातो आणि वहीत नोंद करतो. पुढच्या सुनावणीला आम्ही पुन्हा उभे राहू. त्या वेळी आमच्या हातात सह्यांचा गठ्ठा असेलच, पण त्यावर ही वहीही असेल. तिच्या शेवटच्या पानावर सही करणाऱ्याच्या नावापुढे जतनशास्त्राच्या पदवीची अक्षरे असतील की नसतील, हे आता आपण सर्वांनी ठरवायचे आहे. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यात ‘शिका’ हा शब्द पहिला आहे. तो क्रम आपण बदलू नये.

जय भीम!